काच तयार झाली की...

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. ती आमच्या संस्थेतल्या काचकाम करणाऱ्या कारागिरांनी लिहिली आहे. वयाने ते आम्हा सर्वांपेक्षा मोठे होते, त्यामुळे संचालकांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना 'मामा' म्हणत. निर्वात नळ्या, ऊर्ध्वपातनाची उपकरणे, दुहेरी भिंतींची भांडी, असे जे काही काचेचे लागेल ते मामा ज्योतीवर घडवून देत. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना कळले की त्यांच्या जागी नवा माणूस नेमला जाणार नाही. तेव्हा कोणीतरी सुचवले, "मामा, तुम्हाला जे येतं ते सगळं लिहून ठेवा." मामांनी ते मनावर घेतले. रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास ते वही घेऊन बसत. अक्षर सुबक आणि आकृत्या अचूक. नळीचा व्यास किती, भिंतीची जाडी किती, ज्योत कोणती, क्रम कोणता, सारे त्यांनी तपशीलवार लिहिले.

आणि तरीही प्रत्येक कृतीत नेमक्या मोक्याच्या जागी एक वाक्य येते : "काच तयार झाली की ज्योतीबाहेर काढून फुंकावे." 'काच तयार झाली की' हे शब्द त्या वहीत सव्वीस वेळा आले आहेत. मी मोजले आहेत.

काच तयार झाली हे ओळखायचे कसे? मी मामांना विचारले होते. त्यांनी थोडा विचार केला, पुन्हा एक नळी ज्योतीत धरली, फिरवली, बाहेर काढली, फुंकली आणि म्हणाले, "ती सांगते की!"

त्यांना सांगायचे नव्हते अशातला भाग नाही. त्यांना खरोखरच यापेक्षा जास्त सांगता येत नव्हते. या लेखाचा विषय तोच आहे. माणसाला येत असते, पण सांगता येत नाही, असे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाते कसे? आणि शाळेत शिकवणाऱ्या आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य आहे?

थर्मामीटर का चालत नाही?

प्रथम काचेची बाजू समजून घेऊ. बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो. काचेला असा ठरावीक वितळणबिंदू नसतो. तापवत गेले की तिची श्यानता, म्हणजे घट्टपणा, हळूहळू कमी होत जातो. प्रयोगशाळेत वापरली जाणारी बोरोसिलिकेट काच साधारण ८२० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. पण जोडकाम करायला, फुंकायला ती त्याहून बरीच जास्त तापवावी लागते. त्यातही ज्योतीतल्या नळीचे तापमान दर दोन-चार मिलिमीटरवर निराळे असते आणि दर सेकंदाला बदलत असते. जाड भिंत सावकाश तापते, पातळ भिंत चटकन. त्यामुळे 'अमुक अंशाला फुंकावे' असे लिहून भागत नाही. कारागीर तापमान मोजत नाही. नळी किंचित लोंबू लागली, फिरवताना बोटांना लागणारा विरोध बदलला, काचेची चमक बदलली, या सगळ्यांचा एकत्र अंदाज त्याचे हात आणि डोळे घेतात. तो अंदाज म्हणजेच 'काच तयार झाली'.

हे आपल्याला परके नाही. आपण सर्वच शिक्षक आम्ल-आम्लारी अनुमापन शिकवतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग 'फिकट गुलाबी' झाला की थांबायचे, असे पुस्तकात छापलेले असते. किती फिकट? पहिल्या वर्षीचे विद्यार्थी गडद गुलाबी करून बसतात आणि वाचन चुकते. आपण त्यांच्या शेजारी उभे राहून "आता... थांब!" म्हणतो. असे दोन-चार वेळा झाल्यावर त्यांना तो रंग दिसू लागतो. रंग आधीही तिथे होताच. तो पाहणारा डोळा तयार व्हायचा होता.

उमेदवारी

कोणाच्या तरी हाताखाली राहून काम शिकणाऱ्याला मराठीत 'उमेदवार' म्हणतात. निवडणुकांमुळे आज या शब्दाचा दुसराच अर्थ आधी आठवतो, पण १९६१ च्या 'शिकाऊ उमेदवार' कायद्यात जुना अर्थ टिकून आहे. 'उमेद' हा फारसीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ आशा. पुढेमागे आपल्याला जागा मिळेल, काम येईल, या आशेवर राबणारा तो उमेदवार. त्या शब्दात शिकणाऱ्याची बाजू चांगली पकडली गेली आहे. शिकताना हाती काही लागत नसते. लागेल अशी आशाच तेवढी असते.

युरोपात या पद्धतीला फार पूर्वीच कायद्याचे रूप मिळाले होते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने ठरावीक धंद्यांसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ती सक्ती १८१४ मध्ये उठली. त्याच्या थोडेच आधी, १८०५ मध्ये, लंडनमधल्या एका लोहाराचा चौदा वर्षांचा मुलगा जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्या आणि बांधणीकाराकडे सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून राहिला. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडे बांधायला आलेली पुस्तके वाचत असे आणि त्यातून त्याला विज्ञानाची गोडी लागली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती खरीच आहे. पण त्या सात वर्षांत त्याचे हातही तयार होत होते, हे सांगायचे आपण विसरतो. कागद सारखा दुमडणे, सरस योग्य तेवढाच लावणे, कातडे न फाटता ताणणे, घाई न करता सुकू देणे. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, टिपणे सुवाच्य उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्हींना पाठवला. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. म्हणजे एक उमेदवारी संपली आणि दुसरी सुरू झाली. आता उस्ताद डेव्ही होते आणि कसब रसायनशास्त्राचे होते. बाटल्या धुणे, व्याख्यानाच्या प्रयोगांची मांडणी करणे, वायू गोळा करणे, या कामांपासून त्याने आरंभ केला. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला हा माणूस पुढे एकोणिसाव्या शतकातला एक श्रेष्ठ प्रायोगिक शास्त्रज्ञ ठरला.

याच फॅरडेने १८२७ मध्ये सहाशेहून अधिक पानांचा एक ग्रंथ लिहिला : 'केमिकल मॅनिप्युलेशन'. वजन कसे करावे, गाळावे कसे, बुचाला भोक कसे पाडावे, काचेची नळी कशी वाकवावी, अशा हातांच्या गोष्टी शब्दांत पकडण्याचा तो प्रयत्न होता. आमच्या मामांच्या वहीची ती थोरली बहीणच म्हणा ना. असे ग्रंथ उपयोगी असतात, यात शंका नाही. पण ज्याने एकदा तरी नळी वाकवली आहे त्यालाच ते पुरते उमगतात.

न लिहिता येणारे ज्ञान

हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात या ज्ञानाचा सखोल विचार केला. त्यांचे सायकलचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सायकल एका बाजूला कलली की आपण हँडल त्याच बाजूला वळवतो. किती वळवायचे हे वेगावर ठरते : वेग दुप्पट असला की तेवढ्याच कलण्याला एक चतुर्थांश वक्रता पुरते. हे गणित सायकल चालवणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना ठाऊक नसते, आणि तरी ते पडत नाहीत. उलट हे सूत्र पाठ करून जो पहिल्यांदा सायकलवर बसेल, तो हमखास पडेल!

कोणी म्हणेल, सायकल आणि काचकाम ठीक आहे, पण आधुनिक विज्ञानात तर सर्व काही शोधनिबंधात लिहिलेले असते. इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी नेमका हाच समज तपासून पाहिला. १९७० मध्ये कॅनडात कार्बन डायऑक्साइडचा एक नवा लेसर जाहीर झाला. त्याला 'टी लेसर' म्हणत. तो कसा बनवायचा याची माहिती प्रसिद्ध झालेली होती. ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळांनी तो बनवायला घेतला. कॉलिन्स यांनी त्या प्रयोगशाळांत हिंडून चौकशी केली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष मांडला : नुसत्या लिखित माहितीवरून लेसर चालू करण्यात एकाही प्रयोगशाळेला यश आले नव्हते. ज्यांना यश आले त्या सर्वांचा, लेसर आधी बनवलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता.

असे का व्हावे? एक कारण समजायला सोपे आहे. मंडलाकृतीत जोडतार ही नुसती रेघ असते, तिला लांबी नसते. प्रत्यक्षातल्या तारेला लांबी असते आणि लांबीबरोबर तिचे स्वप्रवर्तनही वाढते. या लेसरमध्ये धारित्रातला विद्युतभार अतिशय झटकन मोकळा व्हावा लागतो. तार लांब असली तर विलंब होतो आणि लेसर चालतच नाही. ज्याने बनवला त्याची तार आखूड होती. पण 'तार आखूड ठेवा' हे लिहिण्यासारखे आहे असे सुरुवातीला कोणालाच वाटले नव्हते.

दुसरे उदाहरण आणखी मासलेवाईक आहे. घंटा वाजवली की ती काही वेळ घुमत राहते. घंटेतली ऊर्जा जितकी सावकाश नाहीशी होते, तितका तिचा 'क्यू' हा गुणांक मोठा. मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी नीलमाच्या स्फटिकाचा असा गुणांक प्रचंड मोठा असल्याचे मोजले होते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रांसाठी ते मोजमाप महत्त्वाचे होते. पण जवळजवळ वीस वर्षे पाश्चात्त्य प्रयोगशाळांना तेवढा गुणांक मिळेना. मॉस्कोच्या निकालावर शंका घेतल्या जाऊ लागल्या. शेवटी ग्लासगो आणि मॉस्कोचे शास्त्रज्ञ एकमेकांच्या प्रयोगशाळांत जाऊन राहिले, शेजारी बसून काम केले, आणि १९९९ मध्ये ग्लासगोलाही मोठा गुणांक मिळाला. स्फटिक निर्वातात बारीक धाग्याने टांगायचा असतो. धागा आणि स्फटिक यांच्यातल्या घर्षणाने ऊर्जा गळते. म्हणून धाग्याला अगदी किंचित चरबी लावायची असते. किती किंचित? मॉस्कोतला एक अनुभवी शास्त्रज्ञ धागा स्वतःच्या नाकावरून किंवा कानामागून ओढून घेत असे. तेवढे तेल पुरे! हे कोणत्या निबंधात छापून येणार?

अशा यंत्रांनी २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. त्याच जातीची एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिच्यासाठी समीकरणे जाणणारी माणसे लागतील, तशीच ज्यांचे हात तयार आहेत अशीही लागतील.

हाताची स्मृती निराळी

हे ज्ञान लिहिता का येत नाही, याचे एक उत्तर मेंदूच्या अभ्यासातून मिळाले आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत एका सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्याला नव्या गोष्टी लक्षात राहीनाशा झाल्या. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूसही त्याला अनोळखी वाटे. शास्त्रीय लेखनात तो एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जाई.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिले. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी काढलेली. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे थेट न पाहता आरशात पाहून. सुरुवातीला सर्वांचाच हात भलतीकडे जातो. एच. एम.च्या चुका तीन दिवसांत, दर दिवशी दहा वेळा केल्यावर, झपाट्याने कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी तो सफाईने चांदणी काढत होता. पण हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्याला कणभरही आठवण नव्हती! १९६२ मध्ये मिल्नर यांनी हे निरीक्षण मांडले. त्यावरून दिसून आले की 'काय घडले' ही आठवण आणि 'कसे करायचे' हे कौशल्य मेंदूत निरनिराळ्या व्यवस्थांकडे असते. कौशल्याच्या कामात अनुमस्तिष्क आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींचा मोठा वाटा असतो.

म्हणजे मामांचे हात जे जाणत होते, ते शब्दांच्या कपाटात ठेवलेलेच नव्हते. आम्ही त्यांना त्या कपाटातून काढून द्यायला सांगत होतो.

काज-बटण आधी, कात्री शेवटी

मग उमेदवारीत शिकणे घडते कसे? 'बघून बघून येते' असे आपण म्हणतो, पण त्या बघण्याला एक रचना असते. जीन लेव्ह या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात लायबेरियात शिंप्यांच्या उमेदवारांचा अभ्यास केला. कपडा तयार होण्याचा क्रम आपल्याला माहीत आहे : आधी बेतणे, मग शिवणे, शेवटी काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री. उमेदवार मात्र बरोबर उलट्या क्रमाने शिकत होते. आधी बटणे, तुरपाई, इस्त्री. मग शिवण. आणि सर्वांत शेवटी कात्री. सुरुवात मुलांच्या टोप्या आणि आतल्या कपड्यांपासून होई. उंची सूट अखेरीस.

यामागे दोन कारणे दिसतात. तुरपाई चुकली तर उसवून पुन्हा घालता येते, पण कापड चुकीचे कापले की गेले. म्हणजे चूक जिथे स्वस्त आहे तिथून सुरुवात करायची. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. शेवटच्या पायरीवर काम करणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी जवळजवळ पूर्ण झालेला कपडा येतो. चांगला कपडा कसा दिसतो, कसा बसतो, हे त्याला आधी कळते. पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे, हे त्याला मग सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या शिंप्याच्या दुकानातही नवा मुलगा काज-बटणापासूनच सुरुवात करतो. त्याला आपण हलके काम समजतो. त्यात अध्यापनशास्त्र आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

मामांचीही अशी एक पहिली पायरी होती. संशोधक विद्यार्थी असताना मी त्यांच्याकडे काचकाम शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ज्योतीजवळ फिरकूही दिले नाही. एका फडक्याच्या पट्टीने जोडलेल्या दोन काठ्या हातात दिल्या. म्हणाले, "दोन्ही काठ्या फिरवा. फडक्याला पीळ पडता कामा नये." मऊ पडलेली काच त्या फडक्यासारखीच असते. डावा हात उजव्यापेक्षा जरा मागे राहिला की नळी पिळवटते. मी चार दिवस काठ्या फिरवल्या आणि कंटाळलो. मला डॉक्टरेटची घाई होती. "मामा, एवढा एक जोड तुम्हीच करून द्या" म्हणून मोकळा झालो. त्यांनी करून दिला. पुढे वीस वर्षे ते करून देत राहिले.

प्रयोगशाळेतली गुरुपरंपरा

संशोधक घडतो तोही याच रीतीने. जर्मनीत गीसेन येथे युस्टुस लीबिग १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. व्याख्याने ऐकवून न थांबता त्यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत आपल्या शेजारी कामाला लावले. सेंद्रिय पदार्थातला कार्बन मोजण्यासाठी १८३१ मध्ये त्यांनी पाच फुग्यांचे काचेचे छोटे उपकरण बनवले. पदार्थ जाळल्यावर निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई आणि वाढलेल्या वजनावरून कार्बन कळे. असे उपकरण वापरणे हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता.

आता ही साखळी पाहा. लीबिगच्या व्याख्यानांमुळे वास्तुशास्त्र सोडून रसायनाकडे वळलेला विद्यार्थी म्हणजे केकुले. केकुलेच्या हाताखाली बायर, बायरच्या हाताखाली एमिल फिशर, फिशरच्या हाताखाली ओटो वारबुर्ग आणि वारबुर्गच्या हाताखाली हान्स क्रेब्ज. यातल्या शेवटच्या चौघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ज्या क्रेब्ज चक्राची आकृती पाठ करतात, ते हेच क्रेब्ज. ऊतींचे अतिशय पातळ काप घेऊन त्यांचा श्वसनवेग दाबमापीने मोजण्याची हातोटी क्रेब्ज वारबुर्गकडे चार वर्षे राहून शिकले. यकृताच्या तशाच कापांवर काम करून त्यांनी १९३२ मध्ये युरिया चक्र शोधले, आणि १९३७ मध्ये क्रेब्ज चक्र मांडले.

हॅरिएट झुकरमन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की १९७२ पर्यंत अमेरिकेत काम करून नोबेल मिळवलेल्या ९२ शास्त्रज्ञांपैकी ४८ जणांनी आधीच्या एखाद्या नोबेल विजेत्याच्या हाताखाली काम केले होते. त्यांना तिथे मिळाली ती मुख्यतः माहिती नव्हे. कोणता प्रश्न धरावा, कोणता सोडावा, कोणते मोजमाप 'झाले' म्हणावे आणि कोणते पुन्हा करावे, याची पारख त्यांना मिळाली. म्हणजे पुन्हा तेच : काच तयार झाली की नाही!

दुसरी बाजू

उमेदवारीचे एवढे गुणगान केल्यावर तिची काळी बाजू लपवणे बरे नव्हे. आपल्या गावगाड्यात कसब घराण्यात राहिले आणि घराणे जातीत. कोणी काय शिकायचे हे जन्माने ठरले. लोहाराच्या मुलाला ग्रंथ दुर्मीळ आणि ग्रंथ वाचणाऱ्याला भाता वर्ज्य. हात आणि डोके यांची अशी फारकत झाल्यावर दोघांचेही नुकसान झाले. मुलींना तर बहुतेक धंद्यांची दारेच बंद होती. शिकवण्याच्या नावाखाली पोरांना वर्षानुवर्षे फुकट राबवणारे उस्ताद सर्व देशांत होते. १९६१ च्या कायद्याने उमेदवाराचे किमान वय चौदा वर्षे ठेवले आणि त्याला विद्यावेतन देणे बंधनकारक केले, ते याच अनुभवातून.

शाळेने मुलाला या बंधनांतून सोडवले, हा तिचा मोठा उपकार आहे. पण सोडवताना तिने हातालाच रजा दिली. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती ही फारकत मिटवण्यासाठी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून, काम करता करता शिकण्याचा मार्ग ग्रामीण मुलांसाठी प्रत्यक्षात आणून दाखवला. बहुतेक शाळांत मात्र प्रयोग म्हणजे प्रयोगवही असे समीकरण झाले आहे. वही दरवर्षी पूर्ण होते. हात कोराच राहतो.

वर्गात काय करता येईल?

पहिले, चांदणीचा प्रयोग. एक आरसा, पुठ्ठ्याचा आडोसा आणि दुहेरी रेषेची चांदणी एवढेच साहित्य लागते. प्रत्येक मुलाने दहा वेळा काढावी आणि रेषेबाहेर गेलेल्या वेळा मोजाव्यात. प्रयत्नांचा क्रमांक आडव्या अक्षावर आणि चुका उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. चुका आधी भराभर आणि मग सावकाश कमी होताना दिसतात. 'मला जमत नाही' म्हणणाऱ्या मुलाला त्याचाच आलेख दाखवावा. त्याहून चांगला उपदेश मला माहीत नाही.

दुसरे, भाकरीचा प्रयोग. ज्या मुलामुलींना ज्वारीची भाकरी थापता येते त्यांनी कृती लिहावी. ज्यांना येत नाही त्यांनी ती वाचून घरी करून पाहावी. ज्वारीत ग्लूटेन नसते, त्यामुळे पीठ चिकट धरत नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च अंशतः फुलतो आणि तो पीठ बांधून ठेवतो, हे विज्ञान सांगता येते. पण 'पीठ मळून मऊ झाले की' म्हणजे केव्हा? लिहिणाऱ्याला काय सांगायचे सुचले नाही, त्याची यादी वर्गात करावी. ती यादी हाच धडा.

तिसरे, अनुमापन शिंप्याच्या क्रमाने शिकवून पाहावे. पहिल्या दिवशी द्रावणे तयार, ब्युरेट भरलेली. मुलांनी फक्त शेवटचे थेंब टाकून अंत्यबिंदू गाठायचा, तोही पाच-सहा वेळा. मग ब्युरेट भरणे. प्रमाण द्रावण करणे सर्वांत शेवटी. प्रयोगांची संख्या कमी झाली तरी चालेल.

चौथे, गावातला कोणी कुंभार, गवंडी, सुतार, सायकल दुरुस्त करणारा किंवा शिवणकाम करणाऱ्या ताई शाळेत बोलवाव्यात. त्यांना भाषण करायला मात्र सांगू नये. त्यांनी आपले काम करावे आणि मुलांनी शेजारी बसावे. मुलांनी विचारावे, "हे झालं असं तुम्हाला कशावरून कळलं?" आणि त्यांच्या कामाचे पैसे त्यांना द्यावेत.

आता वहीची उरलेली हकीकत सांगतो. मामा निवृत्त झाल्यावर आम्ही काचसामान बाहेरून मागवू लागलो. साधा तोटीचा जोड तुटला तरी तीन-तीन आठवडे काम अडते. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी ती वही घेऊन महिनाभर झगडली. जोड दिसायला सुरेख होत, आणि रात्रीतून तडकत. काच असमान थंड झाली की आत ताण राहतो. दोन पोलरॉइडांच्या मध्ये धरले की तो उजळलेल्या पट्ट्यांसारखा दिसतो. दिसत होता, घालवता येत नव्हता. शेवटी आम्ही मामांना घरून घेऊन आलो. सत्तरी उलटली आहे, हात थोडा कापतो, पण ज्योतीसमोर बसले की कापत नाही. ते आठ दिवस येत राहिले. पहिले तीन दिवस त्यांनी तिला काठ्याच फिरवायला लावल्या. तिने फिरवल्या. ती कंटाळली नाही, हे मी दारात उभा राहून पाहत होतो.

आता तिला सरळ जोड येतो. टी आकाराचा जोड अजून निम्म्या वेळा तडकतो. मामा म्हणतात, "दोन वर्षं लागतील." त्यांच्याकडे तेवढी वर्षे आहेत की नाही, हे कोणी विचारत नाही. ती मात्र आता दर शनिवारी सकाळी रिक्षा घेऊन त्यांना आणायला जाते.